इंची आटे

परतवाड्याच्या एसटी स्टँडमागे माझं दुकान आहे. बंदूक दुरुस्तीचा परवाना भिंतीवर टांगलेला असतो आणि त्याच्याखाली मी बसतो. दोघंही पिवळे पडलो आहोत.

वर्षाला दोन-तीन बंदुका येतात, त्याही पुसायला. आता जो तो शेताला झटका मशीनची तार लावतो. डुकरं शेजारच्या वावरात जातात, मग शेजारीही तार लावतो. ठासणीची बंदूक घेऊन रात्र जागायला कोणाला वेळ आहे? मार्चमध्ये दुकान बंद करून अमरावतीला मुलीकडे, पौर्णिमाकडे, जायचं ठरलंय. गुडघे दुखतात, कानशीचे दहा हात मारले की दम लागतो. खरं सांगायचं तर कंटाळा आलाय.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी चांदूर बाजारच्या गाडीने पार्वताबाई आल्या. चादरीत गुंडाळलेली बंदूक आणि पिशवीत परवान्याचं पुस्तक. त्यांचे मालक खुशालराव चार वर्षांपूर्वी हरभऱ्यात जागल करताना गेले. बार उलटला, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. बंदूक पुढे बाईंच्या नावावर झाली.

"निपल बसूनच नाही रायलं, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "बोटानं फिरवलं तरी निंगते. सोमवारी तपासणी हाये. बंद बंदूक दिसली तं परवाना जाईन. डबा वाजवून वाजवून हात गेले माहे, डुकरं आयकत नाहीत."

"अकोल्याला नेली असती. तिथं मोठी दुकानं आहेत."

"मांगं तुमीच केली होती ना? तुमीच करा."

मी मान खाली घातली आणि बंदूक घेतली.

निपल म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला पेचाने बसवलेली, बोटाच्या पेराएवढी पोकळ खुंटी. तिच्यावर टोपी ठेवायची, घोडा टोपीवर पडतो आणि ठिणगी आत जाते. तिचे आटे गेले की खुंटीच मागे उडते, बंदूक धरणाऱ्याच्या तोंडावर.

ठासणीची बंदूक हातात आली की आमच्या धंद्यात आधी गज घालतात. नळीत गज सोडायचा, तोंडापाशी खडूने खूण करायची आणि तोच गज बाहेरून, टोक नळीच्या तोंडाशी धरून, नळीला लावून बघायचा. खूण बुडापर्यंत पोचली तर नळी रिकामी. इथे खूण चार बोटं कमी पडली.

"भरलेली आणली, बाई?"

"त्यायच्या मांगं कोनी भरलीच नाही. घरात दारू कुठं हाये?"

त्या गेल्यावर मी पेचाचा, म्हणजे टोकाला स्क्रू असलेला, गज घालून सगळं ओढून काढलं. वर लुगड्याच्या चिंधीचा गोळा, खाली छर्रे, त्याखाली दारू. चार वर्षं पडलेली दारू गोळा होऊन बसते. ही कोरडी आणि भुरभुरीत निघाली.

मग भिंग लावून निपलचं भोक पाहिलं, आणि जे चार वर्षं माहीत होतं तेच समोर दिसलं.

भोकाचे आटे इंची होते, जुन्या विलायती मापाचे. मी त्यात एमएमचं निपल बसवलं होतं. निपलला आटे पाडायची इंची डाय सापडत नव्हती, पौर्णिमाचं लग्न आठ दिवसांवर होतं आणि खुशालराव समोर स्टुलावर बसले होते. एमएमचं निपल दोन फेरे गुमान जातं, मग अडतं. मी पान्याला जोर दिला. "बसलं," म्हणालो. ते खुशीत गेले. पौर्णिमाच्या लग्नाला जेवायलाही आले होते. त्यानंतर महिनाभरात बार उलटला. मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही.

आता ड्रिलने भोक मोठं करायचं, नवे इंची आटे पाडायचे आणि त्या मापाचं निपल खरादावर कातायचं. घाई न करता तीन दिवसांचं काम. संध्याकाळी बंदूक लोखंडी कपाटात ठेवली, दोन्ही कुलुपं लावली आणि किल्ल्या कमरेला अडकवून घरी गेलो.

शुक्रवारी सकाळी सवयीने गज घातला. चार बोटं.

वय झालं की माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. काल नीट काढलं नसेल, असं म्हटलं. पुन्हा पेचाचा गज घातला. चिंधी, छर्रे, दारू. कालची चिंधी आणि कालचे छर्रे मात्र बाकावर तसेच वाटीत पडले होते. आजची चिंधी आणि छर्रे मी दुसऱ्या वाटीत काढून शेजारी ठेवले. मग उठून काम सुरू केलं, कारण सोमवार काही थांबणार नव्हता. भोक मोठं केलं, आटे पाडले. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल, पुन्हा अर्धा. इतकं जपून मी कित्येक वर्षांत काही केलं नव्हतं.

शनिवारी पुन्हा चार बोटं.

या वेळी वरचा गोळा कापडाचा नव्हता, कागदाचा होता. जाड, गुलाबी. मी तो बाकावर उलगडला. कोपऱ्याला हळद लागलेली होती. छर्‍यांनी भोकं पडली होती, तरी पौर्णिमाचं नाव वाचता येत होतं आणि लग्नाची तारीखही.

मनात पक्कं केलं, उद्या बाई आल्या की सगळं सांगायचं. मग ओरडोत, पोलिसात जावोत.

निपल कातलं. बोटांनी सहा फेरे गेलं, पान्याने शेवटचा अर्धा. हललं नाही. आधीची दारू मी मोरीत ओतून दिली होती. रिकाम्या नळीत तिसऱ्यांदा गज घालून खात्री केली, मगच कपाट लावलं.

रविवारी कपाट उघडलं तेव्हा दुकानात जळक्या गंधकाचा वास होता. गज घातला. खूण थेट बुडापर्यंत गेली.

रिकामी.

मी खाली बसलो. इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. नंतर घोड्याकडे बघितलं. तो पडलेला होता. निपलवर फुटलेली टोपी होती आणि भोवती काजळी. नळीला हात लावला तर कोमट लागली.

भिंतीवर, दारावर कुठेही छर्‍याची खूण नव्हती. निपल जागचं हललं नव्हतं. काम पक्कं झालं होतं. मी काजळी पुसली, फुटकी टोपी फेकून दिली. नळी रिकामी आहे, मग जुनं उकरून बाईंना कशाला दुखवायचं, असं मनात आलं. मला ते पटलंही.

दहाच्या गाडीने पार्वताबाई आल्या. त्यांनी निपल बोटाने हलवून पाहिलं.

"घट्ट बसलं," त्या म्हणाल्या. पुस्तकात सही झाली, बंदूक चादरीत गेली. तरी त्या उठल्या नाहीत. स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"काई सांगाचं रायलं काय, मिस्त्री?"

"नाही," मी म्हणालो.

त्या उठल्या, जवळ आल्या. पदराचं टोक ओलं करून त्यांनी माझ्या उजव्या भुवईच्या वर काजळी पुसावी तसं घासलं. पदर पांढराच राहिला. मी तिथे बोट लावलं. राईएवढे कण हाताला लागले, कातडीच्या आत.

"नाही निंगत ते," त्या हळूच म्हणाल्या. "त्यायले शेवटची आंगोय घालताना म्या लय घासले होते."