लाल औषधाची हद्द

आईशप्पथ, यातलं अक्षरही खोटं नाही. एक माणूस सोडला तर. ते राहू द्या, आधी ऐका.

माझे साडू केशवराव, दर्यापूरचे. बारावी नापास, पण अमरावतीच्या डॉक्टरांपेक्षा दीडशहाणे. बायको शकुनची कॅन्सरची गाठ अकोल्यात बरी झाली होती. चार वर्षांनी गाठ परतली, तेव्हा या शहाण्याने अकोल्याची फाइलच दडवली. "जुने कागद पाह्यले का नवा डॉक्टर चिडते. तू चूप राह्यजो," असा शकुनलाही दम.

अमरावतीच्या दवाखान्यात तिसऱ्या डोसाला मी सोबत होतो. भर दुपार. फिनेलचा वास, घरघरता पंखा, रुमाल बांधलेली बोडकी डोकी. जिना चढून शकुनला धाप लागली होती. "नखरे," केशवराव म्हणाले.

रागिणी सिस्टरने डाळिंबाच्या रसासारखं लाल औषध आणलं.

"मातीतल्या जंतूपासून काढलेलं अँटिबायोटिकच हे, भाऊ. पेशीच्या डीएनएत घुसून बसते, तिले वाढूच देत नाही. गाठ मरते, पण केस जाते, तोंड येते. अन् हृदयाची खराबी तर डोसागणिक साचत जाते. म्हून याले जन्मभराची हद्द असते. आधी कुठं घेतलं होतं काय?"

"छ्या! कायले घेतो?" केशवराव उसळले.

शकुन खाली पाहत राहिली. सिस्टरने सुई उचलली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवर कुणीतरी हललं... एक बाई केस विंचरत होती. कमरेखाली उतरलेले, काळेभोर केस... त्या खोलीत!

"सहा डोस झाले हिचे... अकोल्यात," ती हळूच म्हणाली. "फाइल गव्हाच्या कोठीखाली हाये... माह्या नवऱ्यानंबी तिथंच दडोली होती..."

केशवराव पांढरेफटक.

"कोण बोललं?" सिस्टर वळली. खाट रिकामी. चादरीला सुरकुतीही नाही.

"त्या खाटेवर तर आमी कोणाले ठेवत नाही..." तिने सुई खाली ठेवली.

हृदय तपासलं, ते निम्म्या ताकदीवर आलेलं. लाल औषध कायमचं बंद झालं, दुसरं सुरू केलं. शकुन आहे. जिना चढत नाही.

आता कबूल करतो. मला केशवराव नावाचा साडूच नाही. शकुन माझी बायको, फाइल दडवणारा मीच. त्या मूर्खाला दुसऱ्याच्या नावाने शिव्या घातल्या की जरा बरं वाटतं, एवढंच.

बाई मात्र खरी. घरी येऊन कोठी सरकवली, तर फाइलीभोवती एक लांब काळा केस गुंडाळलेला होता. शकुनच्या डोक्यावर तेव्हा एकही नव्हता.