ट्रॅक तीन

चार वाजता येणारी माझ्या शिकवणीची सहा मुलं साडेचार वाजले तरी आली नाहीत, म्हणून मी तडक कॅम्पच्या बाजारातल्या नव्या सायबर कॅफेत गेले. सगळी तिथेच! दहा वर्षांची सृष्टी हेडफोन लावून माउस बडवत होती.

"मीनाताई, चाळीस वेळा लावलं, तरी माझं गाणं वर जातच नाही!"

"जाणारच नाही," काउंटरमागून एक उंच मुलगा म्हणाला. बोटांना निळी शाई, डोळे हसरे. "एका माणसाचं एक गाणं तासात एकदाच धरायचं. कोरियात अशीच यादी करतात."

"कोरियात?" मी कपाळाला हात लावला. "हे देवळाली आहे."

एवढंच म्हटलं, तर तो पाऊण तास बोलला. त्याचं नाव कुंदन. तिकडे लोक इंटरनेटवर गाणी ऐकतात, कोणतं गाणं किती जणांनी ऐकलं ते मोजतात आणि दर तासाला नवी यादी लागते. "किती वेळा वाजलं, यापेक्षा किती माणसांनी ऐकलं ते महत्त्वाचं. नाहीतर एखादाच वेडा दिवसभर तेच लावून बसेल." त्यानेही आपल्या आठ कॉम्प्युटरवर तसंच केलं होतं. आपलं नाव टाइप करायचं, गाणं निवडायचं. दर तासाला तो भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर मार्करने पहिली दहा गाणी लिहायचा, पुढे ऐकणाऱ्यांचा आकडा.

"पद्धत कोरियाची आणि गाणी सगळी हिंदी?" मी टोमणा मारला.

"तुमच्याकडे आहे का एखादं कोरियन?"

होतं! शेजारच्या लष्करातल्या मणिपुरी हवालदारांच्या बायकोने बदली झाली तेव्हा जाताना मला एक सीडी दिली होती; त्यांच्या गावाकडे म्हणे कोरियन गाणीच जास्त चालतात. त्यातलं तिसरं गाणं मला फार आवडायचं. शब्द एकही कळत नव्हता, पण शेवटी ती गाणारी मुलगी शीळ घालायची... दुसऱ्या दिवशी सीडी नेऊन दिली. फळ्यावर नाव चढलं – ट्रॅक तीन. नंबर दहा. ऐकणारा एक.

मग मी रोज मुलांना "आणायला" जाऊ लागले. कधीकधी मुलं माझ्याच घरी पाढे लिहीत बसलेली असायची, तरीही. सहा महिने झाले. ट्रॅक तीन दहाव्या नंबरवरून हललं नाही, आणि कुंदनही. तो एक ऐकणारा म्हणजे सृष्टीच असेल, असं मला वाटायचं. तो माझ्यासाठी पंख्याखालची खुर्ची ठेवायचा, माझी ओढणी खुर्चीत अडकली तर हळूच सोडवायचा, मी बघितलं की... फळा पुसायला लागायचा! बोलायचा मात्र फक्त यादीबद्दल.

एका शुक्रवारी मीच म्हटलं, "पिंपळगावचं स्थळ आलंय. मुलगा द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे. बाबा रविवारी होकार कळवणार आहेत."

त्याने मार्करचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "पिंपळगावला... इंटरनेट चांगलं आहे म्हणे."

मी उठून चालू लागले. असा माणूस! पहिलीच्या पोरालासुद्धा इतक्यांदा समजवावं लागत नाही.

शनिवारी पावणेसहाला माझी सीडी परत घ्यायला गेले. दुपारी दोनपासून लोडशेडिंग. गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, पण वीज आमच्या वाट्याला नाही. कॅफे रिकामा. इन्व्हर्टरवर एकटा काउंटरचा कॉम्प्युटर चालू.

"सीडी द्या," मी म्हटलं, आणि नजर फळ्यावर गेली.

पाच वाजताची यादी. नंबर एक – ट्रॅक तीन. ऐकणारा एक. खाली सगळं कोरं.

गिऱ्हाइकांच्या आठातला एकही कॉम्प्युटर चालू नव्हता. सृष्टी तर मामाकडे गेली होती. मी कुंदनकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्ही?"

"सकाळी नऊपासून... दर तासाला. रोज."

"सहा महिने?"

"मी कितीदाही ऐकलं तरी एकच धरतात ना..."

"आणि सहा महिन्यांत एकदा तरी तोंडाने सांगता आलं नाही?"

"तुम्ही नाही म्हणाल्या असत्या तर... इथे येणंच बंद केलं असतं."

रागातही मला हसूच आलं. मी खुर्ची ओढली, कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला, 'मीना' असं टाइप केलं आणि हेडफोन लावले. तो बघतच राहिला. शेवटची शीळ संपेपर्यंत मी त्याच्याकडे बघितलं नाही... म्हणजे, दोनदाच बघितलं.

"मी... उद्या घरी येऊ? तुमच्या बाबांशी बोलायला?" त्याने विचारलं.

"उद्या ते होकार कळवून मोकळे होतील. आत्ता चला."

"आत्ता?" त्याने घड्याळाकडे बघितलं. "सहाला चार मिनिटं कमी आहेत. यादी..."

"कुंदन!"

"चारच मिनिटं, मीना. प्लीज."

काय करणार? थांबले. सहाला त्याने ट्रॅक तीनपुढचा एक बोटानेच पुसला, ठळक दोन लिहिला, आणि शटर ओढून माझ्याबरोबर निघाला. हात तसेच शाईने माखलेले. बाबांसमोर जाण्याआधी मलाच ते माझ्या ओढणीला पुसून द्यावे लागले.