हवाई छत्रीचं पोलकं

"छत्री पाहिजे," असं म्हणत तो दुकानात आला, तेव्हा मंजुळाने त्याच्यापुढे काळी, बांबूच्या दांड्याची छत्री ठेवली. डिसेंबरात छत्री मागणारा माणूस उन्हाला भितो की सावकाराला, हे विचारायची दुकानात पद्धत नव्हती.

"ही नाही. ती... विमानातून उडी मारतात ती. हवाई छत्री."

"मग तसं सांगा. किती वार?" तिने कात्री उचलली.

"आख्खी."

"लग्न आहे का घरात?"

"नाही हो. उडी मारायचीय."

मंजुळा मटकन ताग्यावर बसली.

साल एकोणीसशे एकोणपन्नास. लढाई संपून चार वर्षं झाली होती, आणि मंजुळाचे वडील चिंधानाना लष्करी छावणीच्या लिलावातून बूट, पाण्याच्या बाटल्या आणि हवाई छत्र्या गाडीभर आणत. आग्रा रोडवरच्या त्यांच्या दुकानात छत्र्यांच्या पाकळ्या सुट्या करून विकल्या जात. निम्म्या धुळ्याची पोलकी त्यातून निघाली होती. ज्या कापडाने गोऱ्या शिपायाचा जीव वाचवला, ते कुणा भिकुबाईच्या अंगावर हळदीकुंकवाला जाई, आणि त्यात कुणालाच धक्का बसत नसे. धक्का बसला तो कापडाचा मूळ उपयोग ऐकून.

त्याचं नाव शालिग्राम. रावेरकडचा, केळीच्या बागांतला. संक्रांतीनंतर जळगावच्या प्रदर्शनात एक फुगेवाला येणार होता. त्याच्या भल्यामोठ्या फुग्यातून वर जायचं आणि खाली उडी टाकायची. छत्री ज्याची त्याने आणायची. शालिग्रामने गावच्या पिठाच्या गिरणीवर, भर गर्दीत, सांगून टाकलं होतं — मी मारणार.

नानांनी फळीवरची शेवटची आख्खी छत्री काढली. "बठ्ठी शाबूत शे, भाऊ. येक भोक नही."

मंजुळाने कात्री खाली ठेवली. छत्रीला भोक नव्हतं हे खरंच. पण दिवाळीच्या तोंडावर तिने गुपचूप तिची एक पाकळी उसवली होती, शेजारच्या दोन ओढून बेमालूम शिवल्या होत्या, आणि काढलेली पाकळी डाळिंबी रंगात बुडवून पोलकं शिवलं होतं. नानांना पत्ता नव्हता. आणि ते पोलकं या घटकेला तिच्या अंगात होतं.

शालिग्रामने शिवणीवरून हलकेच बोट फिरवलं आणि नानांना सोडून तिच्याकडे पाहिलं. सगळी गिऱ्हाइकं तिला अक्का म्हणत. हा म्हणाला नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"शिवणीतलं तुम्हाला कळतं. तुम्ही सांगा... चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. नाना समोर होते. शिवाय परक्या पुरुषाला आपल्या पोलक्याची हकिकत सांगायची कशी?

तो धुळ्यातच नातेवाइकांकडे उतरला होता. दुसऱ्या दिवशी केळीची फणी घेऊन आला. दोऱ्या तपासायच्या होत्या म्हणाला. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा त्याच दोऱ्या पुन्हा तपासायच्या होत्या. एवढ्या वेळात त्याने एकाही दोरीकडे पाहिलं नाही.

"भीती नाही वाटत तुम्हाला?" तिने विचारलं.

"वाटते ना. या दुकानाची पायरी चढताना."

तिला हसू आलं... आणि हा माणूस पुढच्या महिन्यात आपल्या पोलक्यापायी मरणार, हे आठवून अर्ध्यातच विरलं.

चौथ्या दिवशी तो छत्री न्यायला आला. नाना गठ्ठा बांधायला गोणपाट शोधत मागच्या खोलीत गेले.

"नेऊ नका," मंजुळा भरभर बोलली. "एक पाकळी कमी आहे. मी काढली."

त्याचा चेहरा पांढराफटक. "कुठंय ती?"

मंजुळाने पदर ओढून घेतला, अगदी गळ्यापर्यंत.

त्याने पाहिलं, आपण काय पाहतो आहोत हे त्याला कळलं, आणि नजर झटक्यात छताला गेली. तिथे एक पाल होती. ती त्याने बराच वेळ पाहिली.

"डाळिंबी?" त्याने पालीला विचारलं.

"हो."

"सुटलो," म्हणत तो खालीच बसला. "घराच्या धाब्यावर चढायचं तर मला शिडी धरायला माणूस लागतो. वाटलं होतं, धुळ्यात छत्री मिळायची नाही, गावात तसं सांगून मोकळं होऊ."

आता हादरायची पाळी तिची होती. "मग पहिल्याच दिवशी परत का नाही गेलात?"

"तुम्ही चालेल म्हणालात," तो म्हणाला. "त्यावर मी नाही कसं म्हणू?"

म्हणजे आपल्या एका शब्दावर हा आभाळातून उडी टाकणार होता... मंजुळाचे हातपाय गार पडले. कान मात्र तापले.

"गावात काय सांगणार आता?"

"छत्री मिळाली, पण उडीच्या कामाची नाही म्हणेन. फक्त... आख्खी न्यायची तर पोलक्यासकट न्यावी लागेल. आणि पोलकं काही एकटं यायचं नाही—"

हेही त्याने पालीलाच ऐकवलं.

एवढ्यात नाना गोणपाट घेऊन आले. गिऱ्हाईक खाली बसून छत न्याहाळतंय आणि पोरगी पोलक्यापेक्षा लाल झालीय, हे पाहून त्यांनी मालात काही खोट निघाली का म्हणून विचारलं.

मग मंजुळा काउंटरवरची घडी उगाच सारखी करत म्हणाली, "तुमच्याकडे विहीर घरापासून किती लांब आहे?"

नानांच्या हातातलं गोणपाट गळून पडलं. अशी चौकशी मुलगी कोणत्या घराची करते, हे दोन मुली उजवलेल्या बापाला सांगावं लागत नाही.

शालिग्रामने पहिल्यांदा छतावरची नजर खाली आणली.

"अंगणातच आहे," तो म्हणाला. "आणि पाणी मीच ओढतो."