एमेटच्या घरावरचा हक्क

धुराड्याच्या तोंडाशी वाकून आयलाने पहिली सैल वीट उपटली, तशी खालून कुणीतरी जोरात खोकलं.

"वर कोण आहे?"

"गवंडी! खाली कोण?"

"घरमालक होतो... आता काळा बोका झालोय!"

ती घाईघाईने खाली उतरली. धुराड्याखालच्या, भिंतीतल्या शेकोटीत वाकून बघणारा एमेट लिंडग्रेन काजळीने नखशिखांत माखला होता, फक्त डोळे तेवढे हसत होते. डुलुथ या सरोवराकाठच्या शहरातल्या शाळेत तो व्हायोलिन शिकवायचा. माफी मागायची सोडून आयला वेड्यासारखी हसत सुटली, आणि तिथेच फसली.

मग रोजच... सरोवरावरून धुकं चढत यायचं, ती विटा रचायची, तो शाळेतून आला की कॉफी घेऊन शिडीखाली उभा राहायचा.

"उतरताय, की मी वर येऊ?"

"तुम्ही नका येऊ. तुम्ही पडलात तर शेकोटी कुणासाठी बांधू?"

बोलून जायची आणि कानापर्यंत लाल व्हायची.

पण हल्ली तिला धड झोप लागत नव्हती. काम दिलं होतं ठेकेदार रस्कने, आणि तो पैशांचं नाव काढलं की "पुढच्या आठवड्यात" म्हणायचा. ठेकेदाराने पैसे बुडवले तर कारागिराला त्या थकबाकीपोटी थेट मालकाच्या घरावर हक्क सांगता येतो. मात्र त्याआधी मालकाच्या हातात नोटीस पडावी लागते, तीही मुदतीत. दुसऱ्या कुणाकडे आयलाने ती पहिल्याच दिवशी दिली असती. इथे मात्र आज देऊ, उद्या देऊ करत बसली. मागे एका मालकाने नोटीस वाचून तिच्या अंगावर कुत्रा सोडला होता. कुत्र्याचं काही नाही हो... एमेटच्या डोळ्यांतलं हसू विझलं तर?

तिच्या वडिलांनीही एकदा भिडेपोटी नोटीस दिली नव्हती. मजुरी बुडाली आणि त्या कर्जात त्यांचं स्वतःचं राहतं घर गेलं होतं.

आज मुदत संपत होती. नोटिशीचं पाकीट घेऊन तिने दार वाजवलं.

"काय झालं? चेहरा असा का पांढराफटक?"

"हे... तुम्हाला द्यायचंय."

त्याने पाकीट फोडलं. वाचता वाचता त्याच्या कपाळावर आठी चढली.

"माझ्या घरावर... तुमचा हक्क?"

"रस्कने पैसे दिले नाहीत तरच. कायद्याने द्यावीच लागते. मी खरंच—"

तो कागद घेऊन आत गेला. दार लागलं. आतून त्याचा चढलेला आवाज ऐकू येऊ लागला, फोनवरचा. वकील असणार. संपलं सगळं, आयलाच्या मनात आलं. पळावंसं वाटलं तरी ती तिथेच उभी राहिली.

दार उघडलं. एमेटच्या हातात चेकबुक होतं.

"रस्क आज उरलेली सगळी रक्कम न्यायला येणार होता. त्याला सांगितलं, येऊ नकोस. तुमचे पैसे परस्पर तुम्हालाच द्यायची मुभा आहे म्हणे मला, यातच लिहिलंय. इतके दिवस बोलला का नाहीत?"

"भीती वाटत होती."

"माझी?"

"तुम्ही... परत कॉफी आणणार नाहीत, याची."

त्याने चेकबुक मिटलं. मग स्वतःच घाबरल्यासारखा हळूच म्हणाला, "मलाही एक भीती आहे. हा हक्क कधीपर्यंत राहतो?"

"पैसे मिळेपर्यंत."

"मग... पैसे जरा उशिराने दिले तर?"

मागे सरायला आयला आता तयार नव्हती.

"पैसे आजच दे, एमेट," ती म्हणाली. "मी तरीही थांबते."