मागच्या शिटवरचं मीठ

“नव्या नवरीले मांगच्या शिटवर बसू नका देऊ. बोलत नाही ते, पण पाह्यते सगळं.”

शालूबाई हे आपल्या नवऱ्याला, उत्तमरावांना, गोठ्याआड हळूच सांगत होत्या. भिंतीच्या अलीकडे त्यांची सून संजीवनी शेणाची पाटी घेऊन उभी होती. त्यातलं दुसरं वाक्य तिला बरं वाटलं. अमडापुरात लग्न होऊन येऊन पाच महिने झाले होते; या घरात तिचं एवढं उघड कौतुक अजून कुणी केलं नव्हतं.

साहजिकच, दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती मागच्या शिटवर जाऊन बसली.

जीप अंगणातल्या निंबाखाली उभी असायची. जुनी, भाजी वाहून दमलेली, मागचं दार सुतळीच्या दोरीनं बांधलेलं. उद्या सकाळी दहाला चिखलीचा भंगारवाला ती न्यायला येणार होता. मागच्या शिटच्या रेक्झिनवर ताटाएवढा पांढरा डाग होता, कडेला दाणेदार. जिभेला लावून पाहायचा मोह तिनं आवरला; नव्या नवरीला काही मर्यादा असतात. पण शिटच्या फटीत बोट घातलं तेव्हा काहीतरी लागलं. करंगळीच्या पेराएवढं. तिनं ते उन्हात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

ते हाड होतं. माणसाचं, आणि जळलेलं. हे तिला कळलं याचं कारण तिचे वडील. भगवंतराव बुलढाण्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होते. सांगाड्यावरची धूळ पुसता पुसता त्यांनी पोरीला वाढवलं. चितेतल्या हाडावर चंद्रकोरीसारख्या आडव्या भेगा पडतात, हे तिला बाराखडीच्या आसपासच ठाऊक झालं होतं. पण या हाडावर मिठाचे खडे उगवले होते. अगदी तसे खडे तिनं एकदाच पाहिले होते, वडिलांच्या बरणीतल्या बरगडीवर. लोणारच्या तळ्याकाठी सापडलेली गाईची बरगडी होती ती. “गोडं वाहतं पाणी हाडाले झिजवते,” वडील म्हणायचे. “आंबट माती खाऊन टाकते. खारं पाणी मात्र राखते. वरून मिठाचा सदरा घालते. पण त्याले बी लय दिवस पाण्यात पडून राहा लागते.”

लय दिवस पाण्यात. आणि हे तर शिटच्या फटीत.

रात्री नऊला लाईट गेली. जेवणं झाली होती. उत्तमराव अंगणात बाजेवर टेकले. नवरा शेखर आणि नणंद काजल खाली सतरंजीवर. ओट्यावर उत्तमरावांची थोरली भावजय, अन्नपूर्णाबाई, सुपात मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. त्यांचे यजमान हिंमतराव साथीच्या दुसऱ्या वर्षी गेले. त्यानंतर त्या अंधारातही काहीतरी खुडत, निवडत, सोलत बसायच्या. संजीवनी त्यांच्याशेजारी बसली.

“बाबा, भुताची सांगा न,” काजल म्हणाली. “पण खरी.”

“खऱ्या गोष्टीत भूत कमीच असते वं. दमलेला माणूसच जास्त.”

“चालन.”

उत्तमरावांनी तंबाखू मळली, पण खाल्ली नाही.

“मेहकराकडं होता एक महादेवराव. माया ओळखीचा. भाजीची गाडी चालवे. साथीच्या दुसऱ्या साली, पाडव्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. सोमवती अवस. रात्री आठनंतर बाहेर दिसलं की दंडुका. भाजीच्या गाडीले तेवढी मोकळीक. सणाची कोथिंबीर, वांगे, लिंबं भरले अन् लोणारले पोचवून देले. साडेनऊले गाडी खाली झाली. पण पुरी खाली नव्हती. मांगच्या दांडीले एक मडकं टांगेल होतं. लाल फडक्यानं तोंड बांधेल.”

“कशाचं?” काजलनं विचारलं.

“त्याच्या मोठ्या भावाच्या अस्थी. अकरा दिवस दारच्या झाडाले होत्या. अस्थी घरात नेत नसतात. भावजय म्हणे, नर्मदेतच सोडा, त्यायची इच्छा होती. हा गेला बी. बऱ्हाणपूरच्या अलीकडून पोलिसायनं परत लावला. वरच्या रस्त्यानं गेला, तिथूनबी परत. पैनगंगेत तवा चूळ भराले पाणी नव्हतं. अन् हा माणूस… त्या महिन्यात त्यानं नऊ जणाईले दवाखान्यात पोचवलं होतं. त्यातले सात जण ह्याच गाडीत… म्हणजे त्याच्या गाडीत, मागं आडवे होऊन आले. झोप नाही. पाय उचलत नव्हते. लोणारात भाजीवाला म्हणे, काऊन नर्मदा नर्मदा करता? आपलं तळं खारं हाय. खारं म्हणजे समुद्रच. अन् साऱ्या नद्या शेवटी समुद्रातच जातात न?”

शेखर हसला. “लॉजिक बराबर हाय.”

“दमलेल्या माणसाले सारंच बराबर वाटते, बापू. समुद्र त्या दोघायनंही पाह्यला नव्हता.”

संजीवनीच्या शेजारी देठं तुटत होती. टच. टच.

“गेला उतरत. मोबाईलचा उजेड. वरच्या अंगाले झऱ्याच्या धारेचं गोडं पाणी पडत होतं, आवाज कानावर येत होता. तिथंच सोडलं असतं. पण तिथं दिवा दिसला. दिवा म्हणजे माणूस, माणूस म्हणजे पोलीस. म्हणून हा अंधाराकडं गेला. खाली वास… नासलेल्या अंड्यासारखा. चिखलात घोट्यापावतर पाय. पाणी हाताले साबणावानी बुळबुळीत. मडकं उलटं केलं, झटकलं, नमस्कार केला. दादा, जा म्हणला. एवढंच. रडू बी आलं नाही त्याले. झोप येत होती.”

“मंग?”

“मंग चढून वर आला. गाडी लावली. बारा वाजून दहा मिनटं.”

उत्तमराव थांबले. निंबाखाली जीपचा काळा आकार होता. कुणी तिकडं पाहिलं नाही, आणि म्हणून सगळ्यांनी पाहिल्यासारखं झालं.

“त्या भावाची एक सवय होती. तो कवा पुढं बसला नाही. मांगंच बसे. अन् उतराचं असलं की तोंडानं सांगे नाही. पत्र्यावर थाप देये. दोनदा. थप थप. लहान भावाले थांब म्हणाचं कशाले…”

“बाबा,” काजल म्हणाली.

“रस्त्यावर कुत्रं नाही. मेहकर जवळ आलं. पैनगंगेचा पूल… अन् पुलावर चढल्याबरोबर मांगून…”

त्यांनी बाजेच्या लाकडी चौकटीवर हात नेला. वाजवला नाही. हात तसाच ठेवला.

“दोनदा?” शेखरनं विचारलं.

“दोनदा.”

“थांबला तो?”

“नाही.”

टच थांबलं होतं.

“पाय ब्रेकवर गेला होता. पण थांबला नाही. पूल सरला. अन् मंग… मांगं शिट करकरली. कोणी उठून उभं राह्यलं होतं, ते पुन्हा बसलं. बस. आरशात पाह्यलं नाही. घरपावतर नाही.”

“मंग?”

“सकाळी मांगच्या शिटवर पांढरा डाग. धुतला. वाळला की पुन्हा पांढरा. त्या दिवसापासून त्यानं ते गाडी कोणत्याच पुलावरून नेली नाही. नाल्यावरचा पूल असला तं वावरातून जाये. झालं. संपली गोष्ट.”

संजीवनीला गेले पाच महिने कळलं नव्हतं की घरून चिखलीला जाताना मामाजी, म्हणजे सासरे, तीन किलोमीटरचा फेरा का घेतात. एकदा तिनं शेखरला विचारलं होतं. तो म्हणाला होता, “रस्ता खराब हाय.” चांगला डांबरी होता.

शालूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं नाही, सुनेकडं पाहिलं.

अन्नपूर्णाबाईंनी सूप मांडीवरून खाली ठेवलं.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच, मीठ कमी पडलं का विचारतात तसा. “ह्यायच्या अस्थी नर्मदेच्या कोणत्या घाटावर सोडल्या होत्या?”

उत्तमरावांनी टोपी काढली. ती गुडघ्यावर ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली.

“वहिनी…”

“चार वर्षं झाले. सपनात येतात, पण उभेच असतात. बसा म्हटलं तं बसत नाहीत. म्हणतात, उतराचं हाय. मले वाटे, मायाच काही चुकलं.”

उत्तमरावांचे खांदे हळूहळू खाली आले, पोतं ओतून रिकामं होत जावं तसे.

“दमलो होतो, वहिनी,” ते म्हणाले.

“हाव. मले दिसत होतं न.”

संजीवनीनं पदराची गाठ सोडली. आतलं हाड सुपात, मिरच्यांवर ठेवलं. काजलनं मोबाईलचा उजेड धरला. करंगळीचं पेर. आडव्या भेगा, आणि त्यावर बारीक, स्वच्छ, चमकणारे खडे.

“हे कुठं…” उत्तमराव उठले.

तिनं जीपकडं बोट दाखवलं. मागच्या शिटकडं.

“नाही. म्या मडकं झटकलं होतं. पाण्यातच. आतमंदी हात फिरवून पाह्यला होता. एक बी राह्यलं नव्हतं.” ते परत परत सुपाकडं पाहत होते. “एक बी नाही…”

संजीवनीला वडिलांची बरणी आठवली. लय दिवस पाण्यात पडून राहा लागते. हे तिनं सांगितलं नाही. कुणाला उपयोग नव्हता.

अन्नपूर्णाबाईंनी पदराचं टोक हळूच त्यावर पांघरलं, झोपलेल्याच्या अंगावर ओढावं तसं.

“उद्या दहाले भंगारवाला येईन,” शेखर पुटपुटला. “इसार घेतला हाय. गाडी तं जाईन.”

म्हणजे उद्या दहानंतर पत्रा कापला जाणार, दार एकीकडं, शिट दुसरीकडं. मग मागं बसलेल्या माणसानं उतरायचं कुठं? हे सगळ्यांच्याच मनात आलं असावं, कारण सगळे एकमेकांकडं न पाहता बसले होते. शालूबाईंनी उंबऱ्याला हात टेकला. उत्तमराव अंधारात उभेच होते. त्यांनाही कुणी बसा म्हटलं नाही.

मग संजीवनी बोलली. एवढ्या मोठ्यानं त्या घरात ती पहिल्यांदाच बोलत होती.

“मामाजी, दहाच्या आधी पैनगंगेवर जाऊन येऊ. सध्या पाणी आहे. पुलावर थाप पडली की तुम्ही फक्त थांबा. मी मागं बसते. दार मी उघडते.”