सहीचं प्रूफ

कोंडाजी बोरस्तेंनी करंडी टेबलावर ठेवली. आत करपलेले द्राक्षघड होते आणि वर ‘पीकशोध’ त्रैमासिकाचा ताजा अंक, एकविसावं पान उघडलेला.

“सर, तुमच्या अंकात एक लिटर पाण्याला एवढं औषध लिवलंय. तसंच मारलं. अर्धी बाग गेली.”

मुख्य संपादक डॉ. चिमाजी आहेरांनी एक घड उचलून बोटांनी चाचपला. त्यांच्या सहायक सुवर्णा गांगुर्डेंनी लेखाचं हस्तलिखित काढलं. त्यात दहा लिटर होतं. दहामधलं शून्य वाटेत गळलं होतं आणि औषध दहापट कडक झालं होतं.

ही १९९९ सालची गोष्ट. आहेर सर बावीस वर्षं बिनपगारी संपादक होते. एकही अंक त्यांनी उशिरा काढला नव्हता. मुलीच्या लग्नात वरात दारात येईस्तोवर हा माणूस प्रूफं वाचत बसला होता, असं सगळं नाशिक कौतुकानं सांगे.

“मी सही केलेल्या प्रूफात दहाच होतं,” सर म्हणाले. “नंतर कुणीतरी फेरफार केलाय.”

कुणीतरी म्हणजे लताबाई पगारे. सातपूरला एका खोलीत संगणक टाकून अंकाची अक्षरजुळणी त्या करत. सहीचं प्रूफ पाहिलं असतं तर निकाल लागला असता, पण नेमकं तेच ऑफिसातून गायब होतं. संपादक मंडळानं सुवर्णाबाईंना विचारलं. त्या शाळेत विज्ञान शिकवत आणि रविवारी सरांसोबत प्रूफं तपासत.

“मी हस्तलिखितातून मोठ्यानं दहा वाचलं,” त्यांनी सांगितलं. “सर प्रूफ बघत होते. ते ‘बरोबर, पुढे’ म्हणाले.”

एवढी साक्ष पुरली. मंगळवारी मंडळाची बैठक घेऊन लताबाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायचं ठरलं.

रविवारी सुवर्णाबाई सातपूरला गेल्या.

“सहीचं प्रूफ कुठं आहे?”

“अंक छापून आले तेव्हा मीच नेऊन दिलं. सरांनी स्वतः घेतलं.”

“सहीनंतर काही बदललंत?”

“अक्षरसुद्धा नाही.”

“मग शून्य गेलं कुठं?”

“माझ्याच बोटातून सुटलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते धरायलाच तुम्ही दोघं बसता ना, ताई? तुम्ही वाचलंत. बघितलं कुणी?”

सुवर्णाबाईंना राग आला. सरांवर संशय घेते म्हणजे काय? तणतणतच त्या ऑफिसात आल्या आणि जुन्या प्रूफांचे गठ्ठे सोडले.

पूर्वी सरांची सही समासात नीट बसलेली असे. गेल्या चार अंकांत ती छापील ओळींवर चढली होती.

आणखीही काही आठवलं. आधी हस्तलिखित सर वाचत आणि प्रूफ सुवर्णाबाई बघत. वर्षापूर्वी सरांनी कामं बदलून घेतली. म्हणाले, घसा बसतो. पण गेल्याच महिन्यात लासलगावला ते माईकशिवाय दीड तास बोलले होते. गुडघ्यांमुळे स्कूटर विकली म्हणाले, पण ऑफिसचे तीन मजले रोज न थांबता चढत.

सोमवारी संध्याकाळी बाईंनी सरांच्या हातात प्रूफ दिलं आणि पुढच्या अंकातला डाळिंबावरचा लेख वाचायला घेतला. एक परिच्छेद झाला.

“बरोबर, पुढे,” सर म्हणाले.

दुसरा झाला. “बरोबर.”

बाई थांबल्या. “सर, तुमच्या हातात गेल्या वर्षीचा कांदा साठवणुकीचा लेख आहे.”

सरांनी कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला, मग मांडीवर ठेवला.

“तुम्हाला वर्षभर वाचता येत नाहीये,” बाई म्हणाल्या. “म्हणून कामं बदललीत, स्कूटर विकलीत. सही ओळींवर जाते, कारण समास दिसत नाही. त्या दिवशी मी दहा म्हटलं, प्रूफात एक होतं, आणि तुम्ही न बघताच ‘पुढे’ म्हणालात. सहीचं प्रूफ लताबाईंनी तुमच्याच हातात दिलं. ते हरवलेलं नाही, तुम्ही लपवलंय. त्यात एक आहे हे कोंडाजी येऊन गेल्यावर तुम्हाला कळलं.”

सरांनी खणातून भिंग आणि घडी केलेलं सहीचं प्रूफ काढून टेबलावर ठेवलं.

“मोतीबिंदू आहे. ऑपरेशन केलं असतं तर अंक लांबला असता. आणि डोळे गेलेल्या संपादकाला कोण ठेवतं? ... कोंडाजी गेल्यावर भिंगानं पाहिलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. त्या बाईचं नाव घेतलं. मला लाज वाटते, बाई.”

“मलाही,” सुवर्णाबाई म्हणाल्या. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष त्यांनी सरांच्या मोठेपणावर विसंबून देऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीआधी दोघं सातपूरला गेले. सरांनी बाईंचा हात धरला होता. दारातच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. पुढच्या अंकात पहिल्या पानावर स्वतःच्या नावानं चूक कबूल करणार, कोंडाजींच्या घरी जाणार, हेही सांगितलं.

लताबाईंनी खुर्ची पुढे केली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सर, एवढंच होतं तर मला सांगायचं ना,” त्या म्हणाल्या. “प्रूफ मोठ्या अक्षरात काढून दिलं असतं. एक बटण दाबायचं असतं.”