सबुरीचा आकडा

रिसॉर्टच्या मागच्या दारावरच्या यंत्राने नंदिनी तांडेलच्या टोपलीवर निळा उजेड फिरवला आणि खाडीतली कोळंबी पास केली. वजन, वास, ताजेपणा, सारे त्याला क्षणात कळते. माल जरा मऊ लागला की परत. पैसे मात्र पावसाळ्याआधीच्या मालाचेसुद्धा यायचे होते. पैसा काही नासत नाही ना, मग राहू दे पडून!

उद्या नारळी पौर्णिमा. गावातल्या होड्या समुद्रात जाणार, आणि नंदिनीच्या होडीचे इंजिन गॅरेजमध्ये अडकलेले. मेकॅनिक रोख घेतल्याशिवाय सोडायला तयार नव्हता. तरीही आईने लावलेल्या वळणाप्रमाणे ती यंत्राला म्हणाली, "मागच्या बिलाचं तेवढं बघा हां. काय घाई नाय, सवडीने द्या."

आत बसलेल्या हिशेबनीस खातूंना ते ऐकवेना. ते उठून बाहेर आले.

"नंदिनीताई, हे असं बोलणं आधी बंद करा. तेच तुम्हाला नडतंय."

"म्हणजे?"

"या यंत्राचं नाव सबुरी. माल देणाऱ्याच्या आवाजावरून तो अजून किती गप्प बसेल, हे ते ताडतं. त्या आकड्याला सहनांक म्हणतात. सहनांक मोठा, की बिल तळाला. मटणवाला मुकादम शिव्या घालतो, त्याचे पैसे संध्याकाळच्या आत!"

नंदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या रिसॉर्टच्या लॉनवरच्या मेजवानीत पाहुणे तिच्या कोळंबीवर ताव मारणार, आणि नीट बोलली म्हणून दंड तिलाच?

ती यंत्रावर खेकसली, "मेल्या, माझं इंजिन काय तुझा बाप सोडवणार? आत्ताच्या आत्ता पैसे टाक, नाय तर उद्या पंगतीला वांगी वाढ!"

तिचा फोन वाजला. सगळे पैसे जमा.

नंदिनी हसली. खातू हसले नाहीत. "रोज ठरावीक रक्कमच सुटते," ते यंत्राच्या पडद्याकडे बघत म्हणाले. "तुमचं बिल वर आलं, म्हणून वासंती भिडेंचं खाली गेलं. त्यांना आज मिळणार होते."

वासंतीताई रिसॉर्टला सोलकढी पुरवत. त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतही पोचत नसे. उन्हाळ्यात नंदिनीला बर्फासाठी पैसे याच बाईंनी दिले होते, आणि अजून परत मागितले नव्हते.

इंजिन आता सुटणार होते. घरी जायला हरकत नव्हती. पण नंदिनीने पास झालेली टोपली परत उचलली आणि दारातच ठाण मांडले.

"वासंतीताईंचे पैसे टाक. तोवर ही आत जायची नाय."

निळा दिवा नुसता लुकलुकत राहिला. आवाज एकीचा, बिल दुसरीचे. हा राग कोणाच्या नावावर धरायचा, ते सबुरीला कोणी शिकवलेच नव्हते. मागे मुकादमचा टेंपो येऊन थांबला होता. तोही मटण उतरवायचे सोडून नंदिनीशेजारी येऊन उभा राहिला.

अखेर यंत्राने अदबीने विचारले, "वासंती भिडे आपल्या कोण लागतात?"

"ती माझी कुणी का असेना," नंदिनी म्हणाली, "तिची सबुरी मोजणारा तू कोण?"